रॉडचे गाईड (लाईन जायच्या रिंगा) घासलेत, ब्रेड (विणलेली लाईन) पिंजून राहिली आहे – घरी दुरुस्त होते का?

फुटाळाकाठ
नमस्कार मंडळी. सात फुटी स्पिनिंग रॉड आहे, मिडियम हेवी, मरळ माशासाठी नकली बेडूक फेकायला वापरतो, त्यावर ३० पाउंडाची ब्रेड. काही दिवसांपासून असं होऊन राहिलं की लाईनचा पुढचा भाग पिंजतो, बोटातून ओढली की खरखर लागते, अन् कास्ट करताना आधी नव्हता असा घर्र आवाज येतो. पिंजलेला तुकडा कापून टाकला की थोडे दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. रील उघडून पाहिली, लाईन रोलर मोकळा फिरतो, त्यावर खाच नाही. म्हणजे उरले गाईड. टोकाची टिप दिसायला ठीक आहे, रीलजवळचा मोठा गाईड जरा वाकला आहे (डिक्कीत दबला असावा), आतली काळी रिंग शाबूत वाटते पण खात्री नाही.

विचारायचं हे की नेमका कोणता गाईड खराब आहे ते ओळखायचं कसं, पॉलिश पेपरनं घासून भागतं का, अन् बदलायचाच झाला तर नागपुरात कोणी करून देतं का? बर्डीत विचारलं तर दुकानदारानं सरळ नवा रॉड काढून समोर ठेवला.

ओकाट
तर घे नं बे नवा! पंधराशेच्या रॉडले दवाखाना कायले

फुटाळाकाठ
पंधराशेचा नाही भाऊ, म्हणून तर विचारून राहिलो. ब्लँकला, म्हणजे रॉडच्या दांड्याला, ओरखडा नाही, हँडल मस्त आहे, फक्त रिंगांपायी कसा फेकू?

खिंडसीकर
फेकायचं काहीच कारण नाही. रॉडमध्ये महाग वस्तू म्हणजे ब्लँक, गाईड हा बदलायचाच भाग आहे, गाडीच्या ब्रेक शूसारखा. एका गाईडची किंमत तुमच्या त्या बेडकापेक्षा कमीच असते.

आधी तपासणी. कान साफ करायची कापसाची काडी घ्या आणि प्रत्येक रिंगच्या आतून गोल फिरवा, सावकाश, दोन्ही बाजूंच्या कडांवरून. जिथं टवका किंवा भेग असेल तिथं कापसाचे तंतू अडकतात. यात सापडलं नाही तर पातळ नायलॉनचा जुना मोजा त्याच पद्धतीनं ओढा, तो कापसापेक्षाही बारीक खोट पकडतो. रिंग राखाडी असेल तर काळ्या मार्करनं आतून रंगवून स्पिरिटनं पुसा, भेगेत शाई राहते. तुमची काळी आहे म्हणता तर टाल्कम पावडर चोळून पुसा, भेग असली तर पांढरी रेघ दिसेल, मोबाईलचा टॉर्च लावून भिंगातून पाहा.

यातूनही समाधान नाही झालं तर ब्रेड बाजूला ठेवा आणि साध्या नवीन तंगूसचा (एकपदरी नायलॉन लाईनचा) हातभर तुकडा एकेका गाईडमधून ताण देऊन मागंपुढं ओढा. प्रत्येक गाईडला तुकडा वेगळा. ज्या गाईडमध्ये तंगूसवर पांढरट भुकटी आली किंवा नखाला खरखर लागली, तो तुमचा चोर.

आता कुठं पाहायचं ते. स्पिनिंग रॉडला गाईड खाली लटकतात, मासा लागून रॉड वाकला की लाईन ब्लँकपासून दूर ओढली जाते, त्यामुळे रिंगचा ब्लँकपासून लांबचा अर्धा भाग जास्त घासतो. बेटकास्टरला (रील वर बसणाऱ्या रॉडला) उलटं, गाईड वर असतात आणि लाईन ब्लँककडच्या बाजूला दाबली जाते. टिपला तर सगळ्यात जास्त त्रास, कारण तिथंच लाईन सगळ्यात तिरकी वळते. दुसरा नंबर रीलजवळच्या पहिल्या मोठ्या गाईडचा, रीलच्या स्पूलवरून सुटलेली वेटोळी तिथंच येऊन आदळतात. पण मधल्यांना सोडू नका, लोक हे दोनच पाहतात आणि खोट तिसऱ्या-चौथ्यात निघते.

वाकलेला गाईड लगेच सरळ करायला घेऊ नका. आधी अंगठ्याच्या नखानं रिंग दाबून पाहा, फ्रेममध्ये हलते का किंवा फिरते का.

फुटाळाकाठ
काका एकदम सविस्तर, धन्यवाद! रविवारी बसतो. टवका निघाला तर २००० नंबरच्या पेपरनं घासू का?

व्हर्निअर
नका घासू. हिंगणा एमआयडीसीत मशीन शॉपमध्ये आहे त्यामुळे हा विषय जरा जवळचा.

तुमच्या रिंगा सिरॅमिकच्या असणार. स्वस्त रॉडला अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, बऱ्यापैकी रॉडला फुजी कंपनीच्या अल्कोनाइटसारखं काहीतरी, महागात सिलिकॉन कार्बाइड म्हणजे एसआयसी. मोह्सच्या काठिण्य स्केलवर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड ९ ला बसतं, एसआयसी त्याच्याही वर. वाळू म्हणजे क्वार्ट्झ ७, आणि साधं स्टेनलेस स्टील त्याच्या खाली. यातच अर्धं उत्तर आहे. ब्रेड स्वतः काही स्टील कापत नाही, ती पॉलिथिलीनची, मऊ. पण ती विणलेली असते, तलावाच्या काठावरचा गाळ अन् बारीक वाळू तिच्या विणीत जाऊन बसते, मग प्रत्येक कास्टला तुम्ही गाईडमधून पॉलिश पेपरची दोरीच ओढून राहिले. त्या वाळूपुढे स्टीलच्या रिंगला खाच पडते, सिरॅमिकला सहसा पडत नाही.

सिरॅमिक घासून झिजत नाही, ते फुटते. आपटलं, दबलं, की केसासारखी भेग किंवा कडेला टवका. तो टवका तुम्ही घरच्या पेपरनं घासायला गेले तर पेपर संपेल, रिंगला फारसं काही होणार नाही. आणि समजा हिऱ्याच्या पेस्टनं कड गुळगुळीत केली तरी भेग आत गेलेली असते, पुढच्या ताणाला पुन्हा तिथूनच उडते. भेगेला इलाज नाही, बदला.

वाम_पकड
टूथपेस्ट लावून घासलं तर चमकते, आमच्या इथं सगळे तेच करतात

व्हर्निअर
चमकते हो, मळ निघतो नं. खाच थोडीच भरून येते. क्रोमची जुनी स्टीलची टिप असेल आणि अगदी हलकी खाच असेल तर बारीक पेपरची सुरळी करून कड मोडता येते, सीझन निघून जातो. पण एकदा क्रोम उडालं की खालचा धातू झपाट्यानं जातो. आणि बाकी काही पांढरं दिसत असेल तर ते बोअरच्या पाण्याचे क्षार असतील, घरी रॉड त्यानंच धुतो ना आपण. पातळ व्हिनेगर अन् जुना टूथब्रश, मग साध्या पाण्यानं धुवा. थिनर, अ‍ॅसिटोन गाईडच्या आसपास आणू नका, गाईड बांधलेल्या धाग्यावरचं इपॉक्सी (कडक होणारा दोन भागांचा गोंद) मऊ पडते.

फुटाळाकाठ
झाली तपासणी. टिप चांगली आहे! वाकलेल्या मोठ्या गाईडची रिंग पण चांगली, फक्त फ्रेम वाकली. चोर निघाला टिपपासून तिसरा. कापूस नाही अडकला, मोजा अडकला. भिंगातून पाहिलं तर आतल्या कडेला ज्वारीच्या कण्याएवढाही नाही इतका बारीक टवका अन् त्याच्यातून निघालेली एक भेग. एवढ्याशासाठी एवढी लाईन वाया गेली माझी.

आता पुढं? हा काढायचा कसा, अन् वाकलेला सरळ करू की तोही बदलू?

खिंडसीकर
वाटलंच मला. त्या टवक्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, किनाऱ्यावरून जागा बदलताना ल्युअरचा गळ गाईडच्या रिंगमध्ये अडकवून लाईन ताणून ठेवतात. रिंगमध्ये गळ कधीही नाही. हँडलपाशी हुक कीपर असतो त्याला अडकवा, नसेल तर गाईडच्या पायाच्या (ब्लँकवर धाग्यानं बांधलेल्या धातूच्या भागाच्या) फटीत.

वाकलेल्या फ्रेमचं असं आहे की स्टेनलेसची असेल तर एकदोनदा वाकणं सहन करते. नोज प्लायरच्या दातांवर कापडाची पट्टी गुंडाळा, जोर फ्रेमच्या पायावर द्या, रिंगवर नाही, आणि एका झटक्यात नको, थोडं थोडं. मग पुन्हा मोजा फिरवा. रिंग सुटून हातात आली तर घाबरू नका, फ्रेमची गोलाई नीट करून, दोन्ही भाग स्पिरिटनं पुसून, दोन ट्यूबवाल्या चोवीस तासवाल्या इपॉक्सीच्या अगदी बारीक थेंबानं परत बसवता येते.

तिसरा मात्र बदलायचा. मागवण्याआधी तीन गोष्टी पाहून घ्या. रिंगचा नंबर म्हणजे रिंगचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये, त्यामुळे १० नंबरच्या आतलं भोक १० मिमी भरत नाही म्हणून गोंधळू नका. दुसरं, पाय एक की दोन. तिसरं फ्रेमची उंची, शेजारच्या दोन गाईडच्या रांगेत आला पाहिजे. नागपुरात सुटा गाईड मिळणं कठीण, कोलकाता किंवा केरळच्या दुकानांतून ऑनलाइन येतो. मागवता तर त्याच मापाचा एक जास्तीचा मागवा, कुरियरचा खर्च तेवढाच.

काढायच्या आधी मास्किंग टेपनं जुन्या गाईडची जागा दोन्ही बाजूंनी खूण करून ठेवा, अंतर बदलायचं नाही. हेअर ड्रायरनं वरचं इपॉक्सी कोमट करा. कोमट म्हणतोय, कार्बनचा ब्लँक जास्त तापला तर त्याचं स्वतःचं रेझिन बिघडतं, हात लावता आला पाहिजे. मग नवीन ब्लेडनं गाईडच्या धातूच्या पायावरून, पायाच्या लांबीनं, पातळ थर सोलत जा. ब्लेडच्या खाली कायम गाईडचा पाय असला पाहिजे, ब्लँक नाही. कार्बनवर ब्लेडची एक रेघ उठली तर रॉड तिथूनच मोडतो, आज नाही तर मोठ्या माशाला. पाय उघडा पडला की गाईड उचला, उरलेला धागा टोक धरून उलगडत येतो, इपॉक्सीचे कडे नखानं सुटतात. पाना, स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही.

ओकाट
येवढं सगळं करण्यापरीस फेवीक्विक लावून वरून टेप गुंडाळ नं भाऊ, कोण पाहून राह्यलं तलावावर

खिंडसीकर
मासा पाहून राहतो 😄 काठावर अचानक सुटला तर टेप ठीक, त्या दिवसापुरतं. गाईडचा पाय ब्लँक वाकतो तेव्हा थोडा सरकतो, धागा त्याला तेवढं सरकू देतो. फेवीक्विक कडक, ठिसूळ, ते ताणाला तडकतं.

जरीकाठ
मी मासेमारीतली नाही हो, नवरा आहे, रॉड त्याचा अन् गुंडाळायचं काम माझ्याकडे येतं कारण माझं भरतकामाचं मशीन आहे 😀 म्हणून धाग्याबद्दल लिहिते, कारण बाकी सगळ्यावर इथं जाणकार आहेत अन् धाग्यावर कोणीच बोलून नाही राहिलं.

रॉडसाठी नायलॉनचा खास धागा येतो, गोड्या पाण्याच्या हलक्या रॉडला ए साईज, जाड रॉडला डी. तो मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर इतवारीत भरतकामाच्या मशीनचा चाळीस नंबरचा पॉलिस्टर धागा मागा, तो गुळगुळीत असतो, लव नसते. साधं शिवणाचं सुती रीळ आणू नका, त्याला लव असते, इपॉक्सी लागलं की प्रत्येक केस काटा होऊन उभा राहतो. मोच्याकडचा जाड धागा पण नको, पायाजवळ खड्डे राहतात. अन् कोणी संक्रांतीचा उरलेला नायलॉन मांजा वापरायचं म्हणेल तर तो घरात ठेवणंच बंद करा, बंदी आहे, नागपुरात गळे कापले गेलेत त्यानं.

रंगाचं एक सांगते. इपॉक्सी धाग्यात मुरलं की रंग गडद होतो, पांढरा अन् फिका धागा तर पारदर्शक होऊन खालचा गाईडचा पाय दिसतो. काळा, गडद निळा, मेंदी घेतला तर प्रश्नच नाही. फिका रंग तसाच हवा असेल तर आधी कलर प्रिझर्व्हर लावावं लागतं.

ताण देण्यासाठी मी धागा जाड पुस्तकात दाबून काढते, वर अजून एक पुस्तक. नवरा पतंगाच्या चक्रीवर गुंडाळून पायात धरतो, तेही चालतं.

फुटाळाकाठ
ताई हे तर सोनंच दिलं तुम्ही. गुंडाळायचं कसं तेही सांगून टाका कोणीतरी

खिंडसीकर
ताईंनी लिहिलं ते मलाही नवीन आहे, भरतकामाचा धागा वापरून पाहतो.

गुंडाळण्याआधी गाईडच्या पायाचं टोक बोटानं पाहा. कारखान्यातून येतो तो पाय टोकाला बोथट असतो, धागा ब्लँकवरून पायावर चढताना तिथं पायरी पडते. बारीक कानशीनं टोक निमुळतं करा, खालची धार मोडा, नाहीतर ती ब्लँकला खाते. मग पाय टेपच्या बारीक पट्टीनं जागेवर धरा आणि रॉडच्या बुडाकडून एक डोळा मिटून सगळे गाईड एका रेषेत आहेत का पाहा.

धागा पायाच्या टोकाच्या तीन-चार मिमी अलीकडे सुरू करा, पहिलं टोक चार-पाच वेढ्यांखाली दाबलं गेलं की जादा कापा. रॉड फिरवायचा, धागा नाही. वेढे एकमेकांना चिकटून, फट राहिली तर नखानं सरकवा. संपायच्या सहा-आठ वेढे आधी त्याच धाग्याच्या तुकड्याचा फासा खाली ठेवा, त्याच्यावरून वेढे पूर्ण करा, शेवटचं टोक फाशात घालून फासा ओढा, टोक आत ओढलं जातं, मग ब्लेडनं जवळून कापा. एका पायाचा गाईड असेल तर फ्रेमच्या पुढच्या बाजूनं अजून चार-पाच वेढे द्या, नाहीतर ताणाखाली गाईड पुढे निसटतो. हे लोक विसरतात. सगळं झाल्यावर गाईड थोडा इकडेतिकडे ढकलून रेषेत आणता आला पाहिजे, इतकाच ताण.

फुटाळाकाठ
आता इपॉक्सी. आमच्याकडे वरचा मजला, दुपारी भट्टी असते. पावसाळ्यात जमते का की नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) होईपर्यंत थांबू? 😅

व्हर्निअर
नवतपात तर अजिबात नको. इपॉक्सीची रासायनिक क्रिया तापमानाबरोबर पळते, ढोबळ हिशेबानं दर १० अंशांना वेग दुप्पट. ४५ अंशात वाटीत मिसळेपर्यंत ते दाट होते, ब्रश ओढला की तारा येतात. पाकिटावर लिहिलेला वेळ थंड देशातल्या खोलीचा असतो, आपल्या मेच्या दुपारचा नाही. उन्हाळ्यात करायचंच असेल तर पहाटे. आणि कूलरच्या झोतात ठेवू नका, तो ओली हवा फेकतो. ओल्या हवेत इपॉक्सीवर मेणचट पांढरा थर येतो, चिकट राहते. पावसाळ्यातला त्रास तोच. डिसेंबरात उलटं, ते मधासारखं घट्ट, बुडबुडे बाहेर निघत नाहीत, मग बाटल्या पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवायच्या. ऑक्टोबर अन् फेब्रुवारी बरा. पण पाऊस उघडला असेल त्या दिवशी, दार खिडकी लावून, कूलर बंद ठेवून होऊन जाते.

रॉड फिनिश म्हणून जे इपॉक्सी मिळते त्यात रेझिन अन् हार्डनर साधारण १:१ असते, पण पाहून घ्या, क्राफ्टवाल्या रेझिनमध्ये २:१, ३:१ सुद्धा असते. प्रमाण अंदाजे चालत नाही, कमीजास्त झालं तर कधीच सुकत नाही. रेझिनला एक सिरिंज, हार्डनरला दुसरी, अदलाबदल नाही. आणि मेडिकलमधल्या ज्या सिरिंजला काळा रबर असतो त्याला आतून सिलिकॉन लावलेलं असते, ते मिसळलं की धाग्यावर माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात, इपॉक्सी तिथून पळते. बिनरबराची घ्या. तेच तेलकट बोटांचं, गुंडाळून झाल्यावर धाग्याला हात नको.

दोन-तीन मिनिटं सावकाश ढवळा, मग अ‍ॅल्युमिनियम फॉईलवर पसरवून ठेवा. वाटीत ढीग राहिला तर स्वतःच्याच उष्णतेनं लवकर जमते, पसरलं की वेळ मिळतो अन् बुडबुडेही वर येऊन फुटतात. पहिला हात पातळ, धाग्यात मुरेल एवढाच, पायाच्या दोन्ही बाजूंना धाग्याखाली राहणाऱ्या बोगद्यांत नीट जाऊ द्या. दुसरा दुसऱ्या दिवशी. बुडबुडा राहिला तर स्पिरिटच्या दिव्याची ज्योत खालून क्षणभर फिरवा, मेणबत्ती नको, काजळी बसते.

पाच मिनिटवालं इपॉक्सी वापरू नका, पसरायच्या आत जमते अन् पिवळं पडते.

स्विंगमोटर
येवढं बोलले अन् मुद्द्याची गोष्ट राहिली. इपॉक्सी लावल्यावर रॉड फिरत राहिला पाहिजे नाहीतर एका बाजूला थेंब लोंबते. तीन-चार तास हातानं कोण फिरवते? मी कूलर दुरुस्त करतो, सांगतो. कूलरच्या पुढच्या झडपा डावी उजवीकडे फिरतात ना, त्याच्या मागे छोटी चपटी स्विंग मोटर असते, सिंक्रोनस, मिनिटाला चार-पाच फेरे, सरळ २३० व्होल्टवर चालते. जुन्या कूलरमधली काढली तरी चालते, नवी पण महाग नाही. मायक्रोवेव्हच्या काचेच्या ताटाखालची पण तशीच, पण ती काही कमी व्होल्टची येते, छापलेलं वाचूनच लावा.

मोटरच्या दांड्यावर पीव्हीसी पाईपचं टोपण बसवायचं, टोपणात रॉडचं बूड रबर बँडनी धरायचं. पुढं पुठ्ठ्याच्या डब्याला व्ही कापून त्यावर रॉड टेकवायचा, खाली गुळगुळीत टेप. ही मोटर कधी सुलटी सुरू होते कधी उलटी, घाबरू नका, तिचा स्वभाव आहे, आपल्याला फरक नाही पडत. वायरचे जोड उघडे ठेवू नका, घरात पोरं असतात.

ओकाट
हे मात्र भारी हाय 👏 कूलर तर नागपुरात दर घरी दोन

जरीकाठ
दादा आमच्या कूलरची स्विंग बंदच आहे, आता कळलं नवरा मे महिन्यात मागं काय करून राहिला होता 🙄

स्विंगमोटर
ताई नवी टाकून देतो, कॅपॅसिटर पण पाहून घेऊ 😂

मरळदादा
यूव्ही रेझिन का नाही वापरत? उन्हात धरलं की दोन मिनिटात टणक, मोटर नको काही नको. नागपूरचं ऊन फुकट आहे.

व्हर्निअर
छोट्या कामाला, टवका उडालेला थर बुजवायला चालते. पूर्ण रॅपवर (धाग्याच्या गुंडाळीवर) मला भरवसा नाही. ऊन वरून पडते, वरचा थर आधी कडक होतो अन् गडद धाग्याच्या खाली प्रकाश पोचतच नाही, आत ओलं राहते.

मरळदादा
माझे चाललेत. तोतलाडोहाच्या मागच्या बाजूनं गेलो होतो, मोठ्या मरळीला काही झालं नाही

खिंडसीकर
तोतलाडोह पेंच व्याघ्र प्रकल्पात येतं, तिथं मासेमारीला बंदी आहे, कृपया असल्या सहली इथं लिहू नका, करूही नका. बाहेरच्या तलावांवरसुद्धा बहुतेक ठिकाणी मच्छीमार सोसायटीचा ठेका असतो, आधी त्यांना विचारा. यूव्हीचं ज्याला जे जमेल ते.

वाम_पकड
माझा टेलिस्कोपिक (एकात एक सरकणारा) रॉड आहे, टिपची रिंगच निघून पडली. त्याला धागा तर नसतोच. काय करू?

खिंडसीकर
टेलिस्कोपिकला सोपं असतं. टिपच्या नळीत जुना गोंद असेल तर लायटरच्या ज्योतीवरून नळी (रॉड नाही!) दोन-तीनदा फिरवून साफ करा. टिप हरवली असेल तर ब्लँकच्या टोकाचा व्यास व्हर्निअर कॅलिपरनं मोजा, टिपच्या नळीची मापं मिलिमीटरमध्ये असतात किंवा इंचाच्या ६४ व्या भागात, म्हणजे ५ नंबर साधारण २ मिमी. नळी सैल सरकली पाहिजे, ठोकून बसवायची नाही, ब्लँकचं टोक चिरतं. बसवायला टिपचा खास हॉट मेल्ट गोंद येतो, अडचणीत ग्लू गनची कांडीही चालते. कांडी वितळवून ब्लँकच्या टोकाला लावा, नळी गरम करून फिरवत बसवा, बाकीच्या गाईडच्या रेषेत आणा, थंड झाल्यावर बाहेर आलेला गोंद नखानं सोला. इपॉक्सी नको, पुढच्या वेळी टिप काढायची झाली तर ते सोडवायला जास्त आच लागते अन् कार्बन तापतो.

मधल्या सेक्शनच्या तोंडाशी असलेले गाईडही असेच कड्यासकट चिकटवलेले असतात, तिथं कड्याचा आतला व्यास मोजून मागवा.

फुटाळाकाठ
झालं मंडळी! धागा इतवारीतून आणला, गडद निळा. मोटर स्विंगमोटर दादांनी सांगितली तीच. मोठ्या गाईडची फ्रेम कापड लावून सरळ केली, रिंग सुटली नाही. दोन थर दिले, पाऊस उघडला होता त्या रात्री. फोटो खाली टाकतो. कास्टचा आवाज एकदम बंद, तंगूसचा तुकडा ओढून पाहिला, साफ येतो.

दोन शंका. पायाच्या एका बाजूला धाग्याखाली बारीक पोकळी दिसते, बुडबुडा अडकलेला. अन् वापरायला कधी काढू?

खिंडसीकर
फोटोत बरं दिसतंय, कारखान्याच्या रॅपपेक्षा वाईट नाही. ती पोकळी बंद आहे का पाहा, सुईच्या टोकानं. बंद असेल तर राहू द्या, ताकदीला काही होत नाही. एका टोकाला उघडी असेल तर तिच्यात पाणी शिरून पायाला गंज धरेल, मग इपॉक्सीचा एक थेंब टाचणीनं तिथं सोडा, पुन्हा मोटरवर.

हाताला कोरडं लागलं तरी आतून पिकायला वेळ लागतो, चार-पाच दिवस थांबा. मग घरातच लाईन दाराच्या कडीला बांधून रॉड हळूहळू वाकवा आणि दुसऱ्या कोणाला तरी नवीन गाईड जवळून पाहायला सांगा. गाईडच्या पायाच्या टोकाशी इपॉक्सीत बारीक आडवी रेघ आली तर ती नुसती वरच्या थराची असते, गाईड हलला तर मात्र पुन्हा गुंडाळावं लागेल.

ओकाट
रॉड नेतो कसा तू? ॲक्टिवावर आडवा?

फुटाळाकाठ
हो नं, दोन तुकडे रबर बँडनं बांधून. म्हणजे तोच वाकला असेल...

स्विंगमोटर
तीन इंची पीव्हीसी पाईप घ्या प्लंबिंगच्या दुकानातून, दोन टोपणं, एका टोपणाला हवा जायला भोक. अन् दोन तुकड्यांच्या मधात कापडाची पट्टी टाका, नाहीतर एकाचा गाईड दुसऱ्याच्या ब्लँकवर घासतो. भोक विसरू नका, ओला रॉड बंद ठेवला तर गाईडच्या पायाशीच हिरवं धरते.